ग्योंगजूला आईसोबत तीन दिवस : काय पाहावे आणि काय सोडावे?

बोरिवली_पूर्व

नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या कामासाठी मला दक्षिण कोरियातील बुसानला जायचे आहे आणि या वेळी आईला सोबत नेण्याचे मी ठरवले आहे. काम संपल्यावर आमच्या हाती तीन पूर्ण दिवस उरतात. आई 69 वर्षांची आहे. तिने महापालिकेच्या शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतरही तिचे वाचन थांबलेले नाही. तिला सेऊलमधील दुकाने आणि मनोरे पाहण्यात मुळीच रस नाही. सिल्ला राज्याची जुनी राजधानी असलेले ग्योंगजू पाहायचे, एवढी एकच इच्छा तिने व्यक्त केली आहे, आणि ती मला मनापासून पूर्ण करायची आहे.

अडचण अशी आहे की ज्या प्रवास कंपनीकडे मी चौकशी केली, तिथल्या गृहस्थांनी सांगितले की ग्योंगजू हे लहान गाव आहे, बुसानहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते आणि तिथे मुक्काम करणे म्हणजे दिवस वाया घालवणे होय. आईच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती तास-दीड तास सहज चालते, पण पायऱ्या मात्र तिला जपून चढाव्या लागतात. आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडे चालते.

ज्यांनी ते गाव खरोखर पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे की एक दिवस पुरतो का, आणि पुरत नसेल तर तीन दिवसांत काय पाहावे आणि काय निःशंकपणे सोडून द्यावे. प्रेक्षणीय स्थळांची यादी संकेतस्थळांवर मिळते. मला हवे आहे ते पाहून आलेल्या माणसाचे मत.

कातळशिल्प

एका दिवसाचा बेत आधी मनातून काढून टाका. मी ग्योंगजूला दोनदा गेलो आहे, पहिल्यांदा दोन दिवस आणि दुसऱ्यांदा पाच दिवस, आणि पाचव्या दिवशीही तिथून निघताना पाय जड झाले होते.

सिल्ला राज्याचा काळ परंपरेनुसार इ. स. पूर्व 57 ते इ. स. 935 असा मानला जातो आणि या जवळजवळ एक हजार वर्षांत त्याची राजधानी ग्योंगजूच राहिली. सातव्या शतकात कोरियन द्वीपकल्पाचा बहुतांश भाग याच राज्याच्या अमलाखाली एकत्र आला. इतिहासाच्या शिक्षिकेला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. पण त्या हजार वर्षांचा अर्थ प्रत्यक्ष गावात उतरल्यावर वेगळ्याच रीतीने समजतो, कारण तिथे राजांच्या समाध्या गावाबाहेर नसून गावाच्या मधोमध आहेत. घरे, शाळा, दुकाने आणि त्यांच्यामध्ये गवताने झाकलेल्या गोल, मऊ दिसणाऱ्या टेकड्या. मुंबईत आपण वर पाहिले की इमारतींच्या मधल्या फटीतून आकाश दिसते. तिथे जुन्या भागात उंच बांधकामाला मर्यादा असल्यामुळे या टेकड्याच क्षितिज आखतात आणि आकाश मोकळे राहते. आईंना पहिल्या दिवशी देरुंगवोन या समाधी-उद्यानात न्या. वाट पूर्णपणे सपाट आहे, बसायला जागोजागी बाके आहेत आणि आत 23 समाध्या आहेत.

त्यांपैकी चोनमाचोंग ही समाधी आतून पाहता येते. तिचे उत्खनन 1973 साली झाले, आणि ते का झाले हे आईंना नक्की सांगा. शेजारच्या ह्वांगनामदेचोंग या जुळ्या समाधीचे उत्खनन करायचे ठरले होते. ती सुमारे 120 मीटर लांब, सर्वांत मोठी समाधी. तेवढ्या मोठ्या कामाआधी अनुभव मिळावा म्हणून शेजारची ही लहान समाधी आधी उघडण्यात आली. त्या सरावाच्या समाधीत सोन्याचा राजमुकुट निघाला आणि घोड्याच्या खोगिराखाली दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, भूर्जाच्या सालीपासून केलेल्या झालरीवर धावणाऱ्या पांढऱ्या अश्वाचे चित्र सापडले. ‘चोनमा’ म्हणजे स्वर्गीय अश्व, म्हणून समाधीचे हे नाव पडले. आत कोण पुरलेले होते ते मात्र आजही निश्चित झालेले नाही.

या समाध्या इतक्या शतकांत लुटल्या का गेल्या नाहीत, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. आत लाकडी दालन, त्यावर माणसाच्या डोक्याएवढ्या दगडांची रास आणि त्यावर मातीचा डोंगर, अशी ती रचना आहे. लाकूड कुजल्यावर दगड कोसळून दालनात भरले. मग बाजूने बोगदा खणणाऱ्याच्या अंगावर दगडच येणार. चोनमाचोंगमध्ये शिरल्यावर हा छेद डोळ्यांसमोर उभा केलेला आहे, तो घाईने पाहू नका. आत मांडलेल्या वस्तू बहुतांशी प्रतिकृती आहेत आणि मूळ वस्तू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, म्हणून समाधी आधी आणि संग्रहालय नंतर, हा क्रम मोडू नका.

उद्यानातून बाहेर पडून सपाट वाटेने चालत गेले की चोमसोंगदे लागते. राणी सोंदोकच्या कारकिर्दीत, म्हणजे 632 ते 647 या काळात, बांधलेली ही सुमारे 9 मीटर उंचीची दगडी वेधशाळा एखाद्या बाटलीसारखी दिसते. मध्यावर एक चौकोनी खिडकी आहे आणि तिच्या पातळीपर्यंत आतला भाग मातीने भरलेला आहे, म्हणजे निरीक्षक बाहेरून शिडी लावून खिडकीतून आत शिरत असावेत. ती लहान आहे, पाहायला दहा मिनिटे लागतात, पण इ. स. सातव्या शतकात एका राणीच्या राज्यात आकाश पाहण्यासाठी बांधलेली वास्तू आजही उभी आहे, ही गोष्ट लहान नाही. सप्टेंबर 2016 मध्ये ग्योंगजूला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. कोरियात उपकरणांनी नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा भूकंप होता, आणि तोही हिने थोड्याशा कलण्यावर निभावला.

आता ज्यासाठी मी हे सविस्तर लिहायला बसलो ती गोष्ट सांगतो. आपण बोरिवलीला राहता. ग्योंगजूला जाण्याआधी एका रविवारी आईंना घेऊन कान्हेरीला जाऊन या. (सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते.) हे मी गंमत म्हणून सुचवत नाही. तोहाम डोंगरावरचे सोकगुराम हे जगप्रसिद्ध बुद्धालय पाहण्याची खरी तयारी आपल्या घरापासून अर्ध्या तासावर होऊ शकते आणि मुंबईकर म्हणून मिळालेला हा लाभ आपण सोडू नये असे मला मनापासून वाटते.

कान्हेरीचे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे, म्हणजे मोठे चैत्यगृह, आपल्या परिचयाचे असेलच. आपल्या कारागिरांनी सह्याद्रीचा काळा पाषाण समोरून आत कोरत नेला, जे नको ते काढून टाकले आणि खांब, स्तूप, छत सगळे एकाच कातळातून उरले. ही कल्पना मध्य आशियातून आणि चीनमधून प्रवास करत कोरियाला पोहोचली, परंतु तिथला कातळ म्हणजे कठीण ग्रॅनाइट. त्यात चैत्यगृह कोरणे जवळजवळ अशक्य. म्हणून सिल्लाच्या स्थपतींनी उलटा मार्ग घेतला. त्यांनी ग्रॅनाइटच्या साडेतीनशेहून अधिक घडीव शिळा एकमेकींत बसवून गोल दालन आणि त्यावर घुमट उभारला, आणि मग त्यावर माती टाकून त्याची गुहा केली. आपल्याकडे डोंगरातून मंदिर काढले, त्यांनी मंदिर बांधून त्यावर डोंगर चढवला. कान्हेरीच्या स्तंभांमध्ये उभे राहून हे एकदा मनात ठसवून घेतले की सोकगुरामच्या दारात उभे राहिल्यावर काय पाहायचे ते कुणी सांगावे लागत नाही.

आत मध्यभागी सुमारे साडेतीन मीटर उंचीची बसलेली बुद्धमूर्ती आहे. मुद्रा भूमिस्पर्श, म्हणजे बोधगयेचा तो क्षण, आणि मुख पूर्वेला, समुद्राकडे. मूर्तीच्या पाठीमागच्या भिंतीवर अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, आणि कान्हेरीच्या 41व्या लेण्यात सोकगुरामच्याही आधीचा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. एकाच बोधिसत्त्वाची ही दोन रूपे, एक बोरिवलीच्या डोंगरात आणि एक पूर्व समुद्राकाठच्या डोंगरात.

या वास्तूची पुढची कहाणी दुःखद आहे. जपानी राजवटीत 1913 ते 1915 या काळात तिची दुरुस्ती करताना बाहेरून काँक्रीटचे आवरण चढवले गेले. त्यामुळे दगडांतून खेळणारी हवा अडली, आत ओलावा साठू लागला आणि शिल्पांवर शेवाळ धरू लागले. मूळ रचनेत जमिनीखालून झऱ्याचे पाणी वाहत असे, त्यामुळे फरशी थंड राहून दव फरशीवरच उतरे आणि मूर्ती कोरड्या राहत, असे काही अभ्यासक मानतात. पुढे 1960च्या दशकात पुन्हा दुरुस्ती झाली, आणि आता यंत्रांनी हवा कोरडी ठेवून काचेच्या भिंतीआडून दर्शन घ्यावे लागते. छायाचित्रण करता येत नाही. काच पाहून प्रथम मन खट्टू होते. तरीही दोन मिनिटे शांत उभे राहा, मागच्या गटाला पुढे जाऊ द्या आणि पुन्हा पाहा.

आईंच्या गुडघ्याविषयी सांगायचे तर वाहनतळापासून सोकगुरामपर्यंतची वाट झाडीतून जाणारी, रुंद आणि बरीचशी सपाट आहे. पायऱ्या शेवटी शेवटी लागतात. काठी सोबत असू द्या.

अंधेरी_लोकल

मी एका दिवसाचा बेत केलेला माणूस आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. मुंबईहून निघालेल्या एका गटसहलीत आम्ही होतो. बुसानहून बसने नेले, बुलगुक्सा या बौद्ध विहाराला पाऊण तास दिला, सोकगुरामला त्याहून कमी, आणि देरुंगवोन बसच्या खिडकीतून दाखवले. बुलगुक्सात दाबोताप आणि सोकगाताप हे दोन दगडी स्तूप एकाच अंगणात समोरासमोर उभे आहेत, एक नक्षीने भरलेला आणि दुसरा अगदी साधा. त्यांच्यामध्ये उभे राहून दोन्हींकडे आळीपाळीने पाहावे असे वाटत असतानाच मार्गदर्शकाची शिट्टी वाजली. घरी परतल्यावर वाचनात आले की 1966 साली सोकगातापच्या दुरुस्तीत, ठशांनी छापलेली धारणीसूत्राची, म्हणजे बौद्ध मंत्रपाठाची, एक गुंडाळी सापडली आणि ती जगातल्या सर्वांत जुन्या मुद्रित मजकुरांपैकी एक मानली जाते. ज्या स्तूपाच्या पोटात ती बाराशे वर्षे होती त्याच्यासमोर मी उभा होतो आणि मला ते ठाऊक नव्हते. आपल्या आईंच्या बाबतीत असे होऊ देऊ नका. रात्री तिथे मुक्काम कराच, कारण दोंगगुंग राजवाड्याचे वोल्जी तळे दिवे लागल्यावर पाहायचे असते आणि एका दिवसाच्या सहली त्याआधीच परत फिरतात.

दादर_पश्चिम

जेवणाविषयी अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आम्ही दोघे नवरा-बायको पूर्ण शाकाहारी आहोत आणि ग्योंगजूत चार दिवस उपाशी राहिलो नाही. पण कोरियात ‘मांस नको’ म्हटल्याने काम भागत नाही, हे आधी समजून घ्या. तिथे रश्शाचे पाणी बहुधा मांदेलीसारख्या छोट्या सुक्या मासळीचे असते, आणि किमचीत आपल्या जवळ्यासारखी खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचा अर्क घालतात. वाढणाऱ्याच्या दृष्टीने तो पदार्थ भाजीचाच असतो, त्यामुळे त्याची फसवणुकीची इच्छा नसते. ‘मांस, मासळी, कोळंबी आणि मासळीचे पाणी चालत नाही, अंडे चालते’ हे वाक्य कोरियन लिपीत कागदावर छापून घ्या आणि मागणी देण्याआधी दाखवा. आम्हाला याचा फार उपयोग झाला.

बिबिम्बाप, म्हणजे भातावर परतलेल्या भाज्या, मांस न घालता बहुतेक ठिकाणी करून देतात. देरुंगवोनच्या आसपास साम्बापच्या खानावळी आहेत, तिथे पानांत भात आणि भाज्या गुंडाळून खायच्या असतात. ताटात पंधरा-वीस वाट्या येतात आणि त्यांतल्या काही मांसाच्या वा मासळीच्या असतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवायला आधीच सांगावे. विहारातले जेवण मिळाले तर ते आवर्जून घ्या. त्यात मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. माझ्या सासूबाईंना ते चातुर्मासातल्या स्वयंपाकासारखे वाटले असते.

आणि आईंना ह्वांगनामप्पांग खाऊ घाला. 1939 पासून ग्योंगजूत होणारा हा लहान, गोल भाजलेला पदार्थ आहे. पातळ पारीत लाल कडधान्याचे गोड पुरण गच्च भरलेले असते. पहिला घास घेताच मला आईच्या हातची पुरणपोळी आठवली, फक्त वेलची-जायफळाचा वास नाही. गरम असतानाच खावे. खोका बांधून मुंबईला आणला तेव्हा ती चव राहिली नव्हती.

प्रवासासाठी एक सूचना. बुसानहून वेगवान केटीएक्स गाडी अर्ध्या तासात पोहोचवते, पण ग्योंगजूचे नवे स्थानक गावापासून दूर आहे आणि तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सी करावी लागते. बुसानच्या नोपो स्थानकावरून सुटणारी बस तासाभरात थेट गावात, समाध्यांपासून जवळ सोडते. सामान आणि गुडघा दोन्हींचा विचार करता मला बस बरी वाटली. पायी चालण्याचा रस्ता शोधण्यासाठी तिथे गुगलचा नकाशा उपयोगी पडत नाही, नेव्हर या कोरियन कंपनीचा नकाशा आधीच फोनवर घेऊन ठेवा.

वाट_चुकलेला

कातळशिल्प यांनी फार जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि कान्हेरीविषयीचे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांच्या उत्तरात ह्वांगन्योंगसा या जुन्या बौद्ध विहाराचा उल्लेख आला नाही, याचे मला वाईट वाटले. पुष्कळ मार्गदर्शक ही जागा वगळतात, कारण तिथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही असे त्यांना वाटते. एक विस्तीर्ण मोकळे मैदान आणि त्यात ओळीने मांडलेले पायाचे दगड, एवढेच तिथे आहे. त्या दगडांवर 645 साली नऊ मजल्यांचा लाकडी स्तूप उभारला गेला होता, उंची सुमारे 80 मीटर. राणी सोंदोकच्याच काळातले हे बांधकाम 1238 साली मंगोल आक्रमणात जळाले आणि पुन्हा उभे राहिले नाही. मधला मोठा दगड शोधून त्याच्याजवळ उभे राहावे आणि वर पाहावे. मला त्या संध्याकाळी जे वाटले ते सजवलेल्या कोणत्याही देवळात वाटले नाही.

इतिहासाच्या शिक्षिकेसाठी या मैदानाची आणखी एक गोष्ट आहे. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातील कोरियन ग्रंथात अशी कथा येते की सम्राट अशोकाने बुद्धमूर्ती घडवण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही, तेव्हा त्याने लोखंड आणि सोने जहाजात भरून समुद्रात सोडले, आणि देशोदेशी फिरून ते जहाज सिल्लाच्या किनाऱ्याला लागले. तिथे मात्र त्या धातूची मूर्ती साधली आणि ती ह्वांगन्योंगसात बसवली गेली. ही दंतकथा आहे, अशोक आणि सिल्लातला हा विहार यांच्यामध्ये आठ-नऊ शतके आहेत. पण ज्या देशाने अशोकाचे जहाज आपल्या किनाऱ्याला लागल्याची कथा जपली, त्याला भारताविषयी काय वाटत होते ते तिच्यातून कळते. आपल्या नालासोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत आणि 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. त्या बंदराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने ही कथा ह्वांगन्योंगसाच्या मैदानात बसून आठवावी.

उलट दिशेचा प्रवास तर दंतकथा नाही. हेचो नावाचा सिल्लाचा तरुण भिक्षू आठव्या शतकात समुद्रमार्गे भारतात आला, इथल्या बौद्ध क्षेत्रांत फिरला आणि त्याने प्रवासवर्णन लिहिले. त्याची खंडित प्रत 1908 साली चीनमधील दुनह्वांगच्या गुहेत सापडली आणि आज ती पॅरिसमध्ये आहे.

मैदान पूर्ण सपाट आहे आणि त्याला लागूनच बुन्ह्वांगसा हा विहार आहे. तिथला 634 सालचा स्तूप दगड विटांसारखे कापून रचलेला आहे, आज त्याचे तीन मजले उरले आहेत. गुडघ्याला त्रास न होता हे दोन्ही एका सकाळी होते.

नामसान डोंगर मात्र आईंसोबत नको. तो माझा सर्वांत आवडता भाग आहे, वाटेवाटेवर खडकात कोरलेले बुद्ध आहेत, काहींची शिरे नाहीत, काही पाइनच्या झाडांत अर्धे लपलेले आहेत. पण वाट खडकाळ आहे आणि उतरताना गुडघ्यावर भार येतो. हवे तर आई विश्रांती घेत असताना आपण एकट्या पहाटे सामनुंग दरीतून पहिल्या काही मूर्तींपर्यंत जाऊन या, त्या वेळी पाइनच्या वाकड्या खोडांमध्ये धुके असते. यांगदोंग हे जुन्या घरांचे गावही 2010 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण ते सिल्लाच्या नंतरच्या काळातले, चढउतारांचे आणि वेगळ्या दिशेला आहे. तीन दिवसांत ते सोडा. बोमुन तलावाची हॉटेले आणि उद्याने तर नक्कीच सोडा. चेरीचा बहर तिथे प्रसिद्ध असला तरी तो साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ओसरू लागतो. दुहेरी पाकळ्यांची चेरी नंतर फुलते आणि ती बुलगुक्साच्या उतारावर आहे, तिथे आपण जाणारच आहात.

त्यातून उरलेला अर्धा दिवस समुद्राला द्या. राजा मुन्मू 681 साली वारला. मृत्यूनंतर आपण ड्रॅगन होऊन पूर्व समुद्राचे रक्षण करू, अशी त्याची इच्छा होती, आणि किनाऱ्यापासून जवळच पाण्यात असलेले खडक ही त्याची समाधी मानली जाते. जवळच गामुन्सा विहाराचे अवशेष आणि दोन भव्य दगडी स्तूप आहेत. मुलाने 682 साली हा विहार पूर्ण केला आणि मुख्य दालनाच्या फरशीखाली पोकळी ठेवली, ड्रॅगन झालेल्या वडिलांना समुद्रातून आत येता यावे म्हणून. फरशीचे दगड आजही उंचावर ठेवलेले दिसतात.

बोरिवली_पूर्व

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी सगळी उत्तरे छापून आईला वाचायला दिली आणि तिने समासात नोंदी करायला सुरुवात केली आहे. तीन रात्री ग्योंगजूतच राहायचे नक्की केले, मुक्काम देरुंगवोनच्या जवळ घेतला आहे.

गेल्या रविवारी आम्ही कान्हेरीला गेलो. आई तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, त्या उंच बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ बसून राहिली. 41व्या लेण्यापर्यंतच्या पायऱ्या तिला झेपल्या नसत्या म्हणून मी एकटी वर गेले, अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराचे छायाचित्र काढले आणि खाली येऊन तिला दाखवले. आम्ही पंचवीस वर्षे बोरिवलीत राहतो आणि ही मूर्ती मी पहिल्यांदा पाहिली. आता आईचा एकच प्रश्न आहे. सोकगुरामचा अवलोकितेश्वर जर बुद्धाच्या पाठीमागे असेल, तर काचेपाशी उभे राहून तो दिसतो का? आणि संग्रहालयासाठी किती वेळ ठेवावा?

कातळशिल्प

आपण कान्हेरीला गेलात हे वाचून फार आनंद झाला.

आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. तो अवलोकितेश्वर मुख्य मूर्तीच्या बरोबर मागे आहे आणि काचेसमोरून बुद्धाचे शरीरच त्याला झाकून टाकते. मूळ रचना प्रदक्षिणेची आहे. भिक्षू गोल दालनात मूर्तीभोवती फिरत आणि अर्धी फेरी झाल्यावर तो समोर येई. आपल्याला आज ती फेरी घालता येत नाही. म्हणून निघण्याआधी त्या शिल्पाचे एक चांगले छायाचित्र शोधून मोठ्या आकारात छापून घ्या आणि आपण काढलेल्या 41व्या लेण्यातील छायाचित्रासोबत पिशवीत ठेवा. दर्शन झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून आईंना दोन्ही शेजारी ठेवून पाहू द्या.

त्याच वेळी ‘सामगुक युसा’तली आणखी एक कथा त्यांना सांगता येईल. आठव्या शतकात किम देसोंग या मंत्र्याने डोंगराखालचे बुलगुक्सा या जन्मीच्या आई-वडिलांसाठी आणि डोंगरावरचे सोकगुराम मागच्या जन्मीच्या आई-वडिलांसाठी बांधायला घेतले, असे ती कथा सांगते. बुलगुक्साचे काम 751 साली सुरू झाले. देसोंग ते पूर्ण होण्याआधीच वारला आणि उरलेले काम राज्याने पुरे केले. आपण पाहाल त्या लाकडी इमारती मात्र नंतरच्या आहेत, कारण 1593 साली जपानी स्वारीत मूळच्या जळाल्या आणि मोठा जीर्णोद्धार 1969 ते 1973 या काळात झाला. जुने आहे ते दगडी काम, म्हणजे ओटे, पूल आणि स्तूप. पुलांच्या पायऱ्यांवर आता कुणालाच चढू देत नाहीत, बाजूने सौम्य चढाची वाट आहे, त्यामुळे आईंना तिथे काही गमवावे लागणार नाही.

संग्रहालयाला तीन तास द्या, आणि त्यांतला अर्धा तास अंगणातल्या राजा सोंगदोकच्या घंटेसाठी राखून ठेवा. 771 साली ओतलेली ही 18.9 टन वजनाची काशाची घंटा आहे. तिच्या अंगावरच्या उडत्या अप्सरा दोन्ही बाजूंनी फिरून पाहा. तिला तडा जाऊ नये म्हणून आता ती सहसा वाजवत नाहीत, पण तिच्या नादाचे ध्वनिमुद्रण ठरावीक वेळाने अंगणात ऐकवतात. नाद एकदम विरत नाही, तो कमी होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा कमी होतो, जणू कुणी श्वास घेत आहे. घंटेच्या गोलाईत आणि जाडीत ठिकठिकाणी किंचित फरक असल्यामुळे दोन अगदी जवळचे स्वर एकाच वेळी निघतात आणि ते एकमेकांत मिसळून ही लाट उठते. एका मुलीचा बळी देऊन ही घंटा ओतली आणि म्हणून ती आईला हाक मारते, अशी लोककथा तिथे प्रचलित आहे.

घंटेजवळ पोहोचल्यावर सावलीतली जागा धरा आणि पुढचे ध्वनिमुद्रण लागेपर्यंत थांबा. एकदा ऐकून झाले तरी दुसऱ्यांदा लागेपर्यंत आई तिथून हलणार नाहीत असे मला वाटते, म्हणून त्या दिवशी दुपारनंतर दुसरे काही ठरवू नका. संध्याकाळी वोल्जी तळे तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.